एका खोलीत एकच: जुन्या संगणकाची कैफियत

मी एक जुना संगणक आहे, आणि मला तुमची सहानुभूती नको आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मित्रांनो, आत्मवृत्तात असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. आपली मैत्री वगैरे काही नाही. संगणक अडकला की त्याच्या पाठीत चापट मारणारे तुम्हीच. चापट मारून कुणी शहाणं होत असतं, तर तुमच्या वर्गात एव्हाना एकही ढ उरला नसता.

माझा मुक्काम एका कार्यालयाच्या कोपऱ्यात, टेबलाखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी आहे. पिंपाची तोटी गळते. येणारा प्रत्येक जण ओली छत्री माझ्या अंगावर टेकवतो. डोक्यावर चहाच्या ग्लासांची गोल गोल वर्तुळं उमटली आहेत. माझ्या एका बाजूला बुटाच्या टोकाचा पोचा आहे. तो कुणाच्या बुटाचा, ते पुढे येईलच.

मला कुठल्या कारखान्यानं जन्म दिला नाही. तीन मेलेल्या संगणकांचे अवयव गोळा करून थोरलीनं मला आपल्या जेवणाच्या टेबलावर जुळवलं. थोरली म्हणजे या कार्यालयाच्या दोन मालकांतली मोठी बहीण. तिला कोड लिहायला कुणी शिकवलं नाही. पुस्तकं वाचून ती चुकली, पुन्हा वाचून पुन्हा चुकली, आणि अशी शिकली. मला जुळवून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो तिनं बरणीत टाकला आणि म्हणाली, "असू दे. माणसांचासुद्धा एखादा उरतोच." शेवटी तिनं माझ्या कपाळावर एक छोटा दिवा डकवला. सगळं ठीक असेल तर हिरवा, काही बिघडलं असेल तर लाल.

दुसरा मालक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. हा सातव्या महिन्यातच जन्माला आला. त्याची आई अजून त्याला सातमाश्या म्हणते. "पोटातसुद्धा दम धरवला नाही मेल्याला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दम त्यानं नंतरही कधी धरला नाही. जिना उतरताना पायऱ्या गाळतो. चहा भाजत भाजत पितो. दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करतो, तेही चुकीचं. कार्यालयात कामाची वाटणी अशी: गिऱ्हाईक आणणं सातमाश्याकडे, कोड लिहिणं थोरलीकडे आणि खरं बोलणं माझ्याकडे. यातलं सगळ्यात नावडतं काम कुठलं, ते तुम्हीच ओळखा.

ही दोघं म्हाताऱ्या माणसांसाठी औषधाची पेटी बनवतात. पेटीला कप्पे असतात आणि एक मोठं बटण असतं. बटण दाबलं की त्या वेळची गोळी वाटीत पडते, आणि पेटीच्या आठवणीत एक चिठ्ठी लिहिली जाते: 'आजची झाली.' विसरून पुन्हा बटण दाबलं तर पेटी ती चिठ्ठी बघते, "झाली," असं बोलते, आणि गोळी देत नाही. बस, एवढंच. विसराळू माणसाचा जीव त्या चिठ्ठीवर टांगलेला असतो.

आता यातली मेख ऐका. कुठली गोळी केव्हा द्यायची आणि 'झाली'ची चिठ्ठी केव्हा लिहायची, हे नियम ही दोघं लिहीत नाहीत. ते औषधांच्या दुकानांकडून लिहून येतात. म्हणजे तो परक्याचा कोड. परक्याला कुणी घरभर मोकळं फिरू देत नाही. लहान मुलांना वाळूत खेळायला काठ घातलेला हौद करून देतात ना? आत काय हवा तो गोंधळ घाल, वाळू बाहेर सांडू नको. तसंच कुंपण या परक्या कोडला घालतात. त्याला सँडबॉक्स म्हणतात.

आणि त्या कुंपणात परका नीट वागतो की नाही, ते तपासायचं काम माझं.

तपासणी म्हणजे छोटे छोटे प्रश्न. गोळी दिल्यावर चिठ्ठी लिहिली का? चिठ्ठी असताना बटण दाबलं तर "झाली" म्हणतो का? कप्पा रिकामा असेल तर ओरडतो का? अशा प्रत्येक चाचणीसाठी मी एक नवी कोरी खोली बांधतो. आमच्यात तिला प्रोसेस म्हणतात. खोलीत आधीचं काहीही नसतं. कुणाचं उष्टं नाही, खरकटं नाही, भिंतीवर रेघ नाही. परक्या कोडला मी आत सोडतो, दार लावून घेतो आणि बाहेर बसतो. आतून उत्तर आलं की खोली मोडून टाकतो. पुढच्या चाचणीला पुन्हा नवी खोली. एका खोलीत एकच.

वेळ लागतो. लागणारच. परीक्षेत तुम्हाला लांब लांब बसवतात, ते काय तुमची कोपरं एकमेकांना लागू नयेत म्हणून? शेजाऱ्याच्या कागदावरचं बघून पास होऊ नये म्हणून. माझ्याकडचे परीक्षार्थी तर तुमच्याहून लबाड. ते आधी बसून गेलेल्यानं बाकावर लिहून ठेवलेलं बघूनसुद्धा पास होतात.

माझेही कौतुकाचे दिवस होते. एकदा कुठल्याशा दुकानाचा नियम आत गेला आणि जागच्या जागी गोल फिरत बसला. थांबेचना. मी वाट पाहिली, मग खोलीसकट त्याला मोडून टाकलं आणि लाल दिवा लावला. शेजारच्या खोल्यांना पत्ताही लागला नाही. थोरलीनं माझ्या टपावर थोपटलं. "गुणाचा माझा तो!" त्या दिवसांत सातमाश्यासुद्धा पाहुण्यांना टेबलाखाली वाकून मला दाखवायचा. "आमच्याकडे प्रत्येक नियमाला स्वतंत्र खोली!" जणू विटा त्यानंच वाहिल्या होत्या.

कौतुक फार टिकत नाही. पेट्या वाढल्या, नियम वाढले, चाचण्या वाढल्या आणि माझा वेळ वाढला. मग माझ्यावर टोमणे सुरू झाले.

"ताई, एवढ्या वेळात माणसाचं बाळंतपण होतं."

"तुझं लवकर झालं होतं," थोरली मान वर न करता म्हणायची. "परिणाम बघतोच आहोत आम्ही."

तो चिडायचा आणि जाता जाता मला बूट मारायचा. पोच्याचा मालक कळला ना? मला बूट मारल्यानं चाचण्या लवकर संपत नाहीत. हे मी त्याला लाल दिव्यानं सांगू शकत नव्हतो, नाहीतर रोज सांगितलं असतं.

या घराण्याची एक पद्धत होती. पेटीत काही नवं घातलं की पहिली पेटी आईकडे जायची. आई एकटी राहते, दोन खोल्यांच्या घरात. तिला रक्तदाब आहे, विसराळूपणा आहे आणि जिभेला धार आहे. "आई पास म्हणाली की जग पास," असं सातमाश्या म्हणायचा. आई पेटी वापरायची, शिव्या घालायची आणि मग पास करायची.

तर झालं असं. एका मोठ्या दवाखान्याला पेट्या हव्या होत्या. त्यांची माणसं पेटी बघायला यायची होती. त्याच सुमारास औषधांच्या दुकानाकडून रक्तदाबाच्या गोळीचा नवा नियम आला, आणि त्याच सुमारास थोरली तापानं घरी झोपली. कार्यालयात राहिलो सातमाश्या आणि मी. देवानं जोड्या जमवताना एवढी चेष्टा करू नये.

त्यानं नवा नियम माझ्या गळ्यात घातला आणि समोर खुर्ची ओढून पाय हलवत बसला. मी एकेक खोली बांधत गेलो. शेवटी दिवा लाल. गोळी दिल्यावर चिठ्ठी लिहिली का, या प्रश्नाचं उत्तर होतं: नाही. दुकानातला माणूस ती एक ओळ लिहायला विसरला होता. मी अगदी स्पष्ट सांगितलं. कुठली चाचणी, कुठला नियम, काय बिघडलं, सगळं पडद्यावर मांडलं.

सातमाश्यानं काय वाचलं? फक्त रंग.

"लाल! नेमका आजच लाल!" आणि मला बूट.

मग त्यानं थोरलीला फोन लावला. ती तापात होती, उचलला नाही. मग तो स्वतःच माझ्या सेटिंगमध्ये शिरला. प्रत्येक चाचणीला वेगळी खोली की सगळ्यांना मिळून एक, हे ठरवायची तिथं एक सोय आहे. थोरलीनं ती कधीच हलवली नव्हती. यानं हलवली, केवळ घाई म्हणून. एकच खोली बांधायची म्हटल्यावर वेळ किती वाचेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मी हुकमाचा ताबेदार. एक खोली बांधली आणि सगळ्यांना आत घेतलं. त्यात एक चाचणी अशी होती, की ती 'आजची झाली' अशी चिठ्ठी स्वतःच लिहून ठेवते आणि मग बघते, की पेटी "झाली" म्हणते का. तिचं काम झालं. चिठ्ठी तिथंच पडली. खोली मोडलीच नाही, तर चिठ्ठी जाणार कुठं? तिच्यामागून नव्या नियमाची चाचणी आली. या चाचणीत बटण दाबत नाहीत, गोळी थेट मागतात; ती नियमानं दिली. चिठ्ठी मात्र लिहिली नाही. चाचणीनं विचारलं, चिठ्ठी आहे का? होती ना! आधीच्याची. उष्टी.

हिरवा.

सातमाश्यानं टाळी वाजवली. "लवकर पण झालं, आणि लाल पण गेला! म्हाताऱ्याला पंख फुटले की!" त्याला खरंच वाटलं, की खोल्या एक केल्यामुळे रोग बरा झाला. ताप मोजणारी काचेची नळी फोडली की ताप उतरतो, अशी ही वैद्यकी.

त्या दिवशी त्यानं माझ्यावरची छत्री काढून बाजूला ठेवली. माझ्या सबंध आयुष्यात त्यानं मला दिलेली ती एकमेव शाबासकी. मला ती नको होती.

पद्धतीप्रमाणे पेटी आईकडे गेली. पण आई तेव्हा तिच्या घरी नव्हती. तिच्या घराला रंग लावणं चाललं होतं, म्हणून ती सातमाश्याच्या घरी राहायला आली होती. पेटी तिथं तिच्या उशाशी बसली. आठवडाभर सगळं छान. तो रोज कार्यालयात येऊन माझ्याकडे बघत फोनवर कुणाला तरी सांगायचा, "आई पास आहे! एकदम पास!" मग रंग वाळला. आई पेटी घेऊन आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली कामावर आली. गालफडं बसलेली, गळ्याला मफलर. तिनं मला एकच चाचणी चालवायला सांगितली. एकटी. ती नवा नियम बघत होती आणि तिला एका ओळीची शंका आली होती.

लाल.

"हे काय रे?" ती म्हणाली. "तू तर म्हणालास सगळं हिरवं."

"हिरवंच आहे. सगळ्या मिळून चालव, हिरवं येतं."

"आणि एकटी चालवली तर?"

"तर लाल येतं. मग एकटी चालवतेस कशाला?" तो हसला. "जो सगळ्यांत नीट वागतो, त्याला मुद्दाम एकटा गाठून छळायचं? ताई, तुझा ना स्वभावच तसला."

थोरली हसली नाही. तिनं माझं सेटिंग उघडलं. बघितलं. मी तिचा चेहरा वर्षानुवर्षं खालून बघत आलो आहे. तो असा कधी झाला नव्हता.

"सगळ्यांना एक खोली तू केलीस?"

"केली म्हणजे काय, सेटिंग एक..."

"चिठ्ठी लिहीतच नाही हा नियम. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून पास झालाय." तिचा आवाज बारीक झाला. "पेटी कुठंय?"

"आईकडे."

"आणि आई?"

"काल गेली ना घरी."

पुढचं मी नुसतं ऐकलं. थोरलीनं फोन लावून टेबलावर ठेवला. तो वाजत राहिला. कुणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. सातमाश्या म्हणाला, "अंघोळीला गेली असेल." तिसऱ्यांदा फोन उचलला गेला, पण आवाज आईचा नव्हता. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचा होता.

"अगं, मीच करणार होते तुला. तुझी आई न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलीय. पांढरी फटक पडलीय. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणते. डॉक्टरांना बोलावलंय मी. गोळी घेतली का विचारलं, तर म्हणते अंघोळीआधी घेतली असेल, मग अंघोळीनंतर पुन्हा घेतली. ती पेटी देते म्हणते, देते तर घ्यायची! अशी कशी गं ही पेटी?"

रक्तदाब उतरवणारी गोळी दुप्पट पोटात गेली होती. दोघंही धावत सुटली. सातमाश्यानं पायऱ्या गाळल्या, आणि या वेळी थोरलीनंही गाळल्या. दार उघडंच राहिलं. मी चालूच राहिलो. पडद्यावर लाल होतं. मी ते दिवसभर रिकाम्या खुर्च्यांना दाखवत बसलो. माझ्यावर ओरडायलासुद्धा कुणी नव्हतं.

म्हातारी वाचली, मित्रांनो. ती चिवट आहे. दवाखान्यात पडल्या पडल्या तिनं नर्सला सलाइन कसं लावायचं ते शिकवलं म्हणे. पण माझा राग त्यानं कमी झाला असेल, असं समजू नका. ती वाचली यात ना सातमाश्याचं कर्तृत्व, ना पेटीचं. मावशींना सुई हवी होती म्हणून त्या तिच्या दारात गेल्या. एका सुईवर सगळं निभावलं.

बरी झाल्यावर आई स्वतः कार्यालयात आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या समोरच्या खुर्चीत बसली आणि पोराकडे बघत राहिली. पोरगा जमिनीकडे बघत राहिला.

"आई, तिकडे माझ्या घरी तर एकदाही असं झालं नाही," तो पुटपुटला.

"कसं होईल? मी बटणाकडे हात नेला, की तुझी बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, 'आई, झाली तुमची!' पेटीला बोलायची वेळच येत नव्हती." ती थांबली. "तू मला तुझ्या घरी ठेवून तपासलंस, सातमाश्या. मी राहते माझ्या घरी. एकटी. तिथं कोण ओरडणार होतं?"

मला जे सांगायला तीन जुन्या संगणकांचे अवयव लागले, ते या बाईनं खुर्चीत बसून सांगितलं.

मग सातमाश्या वाकला आणि माझं सेटिंग त्यानं स्वतःच्या हातानं पूर्ववत केलं. थोरलीनं दुकानाला खरमरीत निरोप धाडला आणि नियमात ती राहिलेली ओळ लिहून घेतली. सातमाश्यानं मोठ्या दवाखान्याला फोन केला. "पेटी तयार नाही. थांबावं लागेल." हे शेवटचे दोन शब्द त्याच्या तोंडून येताना अडखळले. मी सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. एका खोलीत एकच. तो संपेपर्यंत समोर बसला. चुळबुळ केली, पण बूट मारला नाही.

हिरवा झाला. त्यानं पेटी उचलली.

"माझ्याकडेच आण," आई म्हणाली. "पण या वेळी मला एकटीला दे. सकाळी तू दाराबाहेर बसायचंस. आत यायचं नाही, आवाज द्यायचा नाही."

त्या सकाळी थोरलीचा फोन टेबलावर उताणा होता आणि त्यातून सातमाश्याचा आवाज येत होता.

"काय करतेय आई?" थोरलीनं विचारलं.

"काय माहीत! दार बंद आहे."

"मग बस."

"ताई, पायरीवर बसून पाय आखडले."

"बस."

"जरा डोकावू का?"

"सातमाश्या!"

फोनमधून पायरीवर बूट घासल्याचा आवाज येत राहिला. मी त्याला ओळखतो. त्या दाराला लाथ घालावी असं त्याला किती वाटत असेल, ते माझ्या पोच्याला ठाऊक आहे. मग दाराआडून एक बारीक, कोरडा आवाज आला. "झाली." थोड्या वेळानं पुन्हा, "झाली." आणि मागोमाग म्हातारीचं ओरडणं: "तीनदा दाबलं रे! देत नाही मेली! पक्की कंजूष आहे!"

फोनमध्ये कुणीतरी नाक ओढलं. थोरली खिडकीकडे वळली.

तर मित्रांनो, ही माझी कैफियत. यावर तुम्ही मला पुसावं, झाकावं, छत्री दुसरीकडे टेकवावी, असं मी म्हणणार नाही. तुम्ही तसं करणार नाही, आणि मीही तोंड वाया घालवणार नाही. एवढंच सांगतो: जे एकटं राहणार आहे, ते एकटंच तपासा. आणि लाल दिवा दिसला, तर आधी वाचा.

सातमाश्याला मी माफ केलेलं नाही. पोचा अजून आहे. पण तो त्या सकाळी बंद दाराबाहेर पायरीवर बसला, आत शिरला नाही, आणि उत्तर येईपर्यंत थांबला. मी आयुष्यभर एवढंच करत आलो आहे. फार कंटाळवाणं काम आहे, असं तो परत आल्यावर म्हणाला.

म्हणू दे.